शाळेच्या आवारात हवामान केंद्र: पर्जन्यमापकापासून नोंदवहीपर्यंत

२७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत मुंबईत किती पाऊस पडला होता? सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंद झाली ९४४ मिमी, कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम ७४ मिमी. दोन्ही वेधशाळा हवामान खात्याच्या, दोघींत अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं, आणि दोन्ही आकडे बरोबर. एकाच शहरात इतका फरक पडत असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी बसवलेलं यंत्र आपल्या गावच्या पावसाबद्दल कितपत सांगणार?

म्हणून शाळेने स्वतः मोजावं. हवामानशास्त्राची सुरुवात मोजण्यातून होते, व्याख्या पाठ करण्यातून नाही. पाचवी ते दहावीच्या मुलांना जमेल असं केंद्र कसं उभारायचं, नोंदी कशा ठेवायच्या आणि त्यातून काय वाचायचं, ते इथे क्रमाने देत आहे. आधीच सांगतो, बाजारात मिळणारा चकचकीत डिजिटल संच घेण्याची घाई करू नका. त्यात आकडा आपोआप दिसतो, पण तो कुठून आला हे मुलांना कळत नाही. पहिलं वर्ष हाताने मोजा.

पायरी १: जागा

पर्जन्यमापकासाठी मोकळी जागा हवी. साधा नियम असा की जवळची भिंत, झाड किंवा छप्पर जितकं उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर उपकरण ठेवायचं. चौपट जमलं तर उत्तम. पाच मीटर उंचीची इमारत असेल तर किमान दहा मीटर दूर. शहरातल्या शाळांना हे अवघड जातं. तिथे गच्चीचा मोह होतो, पण गच्चीवर वारा जास्त असतो आणि वाऱ्याने थेंब नरसाळ्यावरून पलीकडे उडून जातात. दुसरा पर्यायच नसेल तर गच्ची चालेल, मात्र नोंदवहीच्या पहिल्या पानावर तसं लिहून ठेवा. आणि एकदा ठरलेली जागा मध्येच बदलू नका, नाहीतर आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

शक्य असेल तर जमीन गवताची असावी. डांबर किंवा फरशी उन्हाने तापते आणि तापमानाची नोंद चढी येते. चेंडू, शेळ्या आणि कोंबड्या यांच्यापासून बचाव म्हणून भोवती तारेची जाळी लावा. जाळी उपकरणापेक्षा उंच नको.

पायरी २: पर्जन्यमापक

खरा जीव इथेच ओता. बाकी काही नाही जमलं आणि फक्त पाऊस नीट मोजला, तरी वर्ष सत्कारणी लागलं म्हणायचं.

लागेल ते असं: रॉकेल-तेल ओतायला वापरतात तसं मोठं नरसाळं, पाच लिटरचा कॅन, कॅन बसेल अशी बादली आणि प्रयोगशाळेतलं मोजपात्र. कॅनच्या तोंडात नरसाळं घट्ट बसवा, कॅन बादलीत ठेवा आणि बादली निम्मी जमिनीत पुरा किंवा भोवती विटा लावा, म्हणजे वाऱ्याने कलंडणार नाही. नरसाळ्याची कड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर आणि अगदी सपाट असावी. त्याहून खाली असेल तर जमिनीवर आपटलेल्या थेंबांचे शिंतोडे आत जातात. नरसाळ्याची नळी अरुंद असण्याचाही फायदा आहे: साठलेल्या पाण्याचं बाष्पीभवन फार होत नाही.

आता गणित. पाऊस मिलीमीटरमध्ये मोजतात, म्हणजे पडलेलं पाणी जिरलं नाही, वाहिलं नाही आणि उडालंही नाही, तर जमिनीवर त्याचा किती जाड थर साचला असता, ती जाडी. त्यामुळे नरसाळं लहान असो की मोठं, उत्तर सारखंच यायला हवं. मोठं नरसाळं जास्त पाणी गोळा करतं, पण ते पसरायचंही जास्त जागेवर असतं.

नरसाळ्याचा आतला व्यास पट्टीने मोजा. समजा तो १६ सेंटिमीटर आहे. त्रिज्या ८, म्हणून क्षेत्रफळ ३.१४ × ८ × ८ = सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर. या क्षेत्रावर एक सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे २०१ घन सेंटिमीटर, अर्थात २०१ मिलिलिटर पाणी. म्हणजे १० मिमी पावसाला २०१ मिलिलिटर, आणि १ मिमीला जवळजवळ २० मिलिलिटर. कॅनमधलं पाणी मोजपात्राने मोजायचं, २० ने भागायचं, झाला पाऊस. १३० मिलिलिटर निघालं तर साडेसहा मिमी. नरसाळं १० सेंटिमीटरचं असेल तर भाजक ७.८५ येईल, २० सेंटिमीटरचं असेल तर ३१.४. हा भाजक मुलांनीच काढायचा आणि कॅनवर रंगाने लिहायचा.

कॅन पाच लिटरचाच का? १६ सेंटिमीटरच्या नरसाळ्याला एक लिटरची बाटली लावली तर ती ५० मिमीलाच भरते. चोवीस तासांत ६४.५ मिमी किंवा अधिक पाऊस झाला की हवामान खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं. महसूल मंडळात ६५ मिमीच्या वर पाऊस गेला की आपल्याकडे अतिवृष्टीच्या मदतीची चर्चा सुरू होते, हे शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवावं लागत नाही. नेमक्या अशा दिवशी बाटली ओसंडून वाहिली तर वर्षातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हातची जाते. पाच लिटरच्या कॅनमध्ये सुमारे २५० मिमी मावतात. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या शाळांनी बादलीही कोरडी ठेवावी, कॅनमधून ओसंडलेलं पाणी तिच्यात मिळेल.

याला जोडून एक उदाहरण वर्गात जरूर सोडवून घ्या. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. शाळेचं छप्पर २०० चौरस मीटर असेल, तर १० मिमीच्या एका सरीत त्यावर २,००० लिटर पडतं. एकरावर तेवढीच सर आली तर ४० हजार लिटर.

पायरी ३: साडेआठची वेळ

भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीचे साडेआठ असा धरतात. तुम्हीही तीच वेळ पाळा, तरच तुमचा आकडा खात्याच्या आकड्याशेजारी ठेवता येईल. मंगळवारी सकाळी मोजलेला पाऊस मंगळवारच्या तारखेला लिहायचा, जरी तो सगळा सोमवारी संध्याकाळी पडलेला असला तरी. मुलं इथे हमखास गोंधळतात, म्हणून ‘शेरा’ रकान्यात सर कधी आली ते वेगळं लिहू द्या.

वेळ चुकली तर नोंद टाळू नका. नऊ-वीसला मोजलं तर तसं लिहा.

पायरी ४: तापमान

वेधशाळेचं तापमान म्हणजे सावलीतल्या, खेळत्या हवेचं तापमान. उन्हात ठेवलेली तापमापी हवेचं तापमान दाखवत नाही, स्वतः किती तापली ते दाखवते. म्हणून तापमापी झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. ही स्टीव्हन्सन पेटी गावचा सुतारही करून देऊ शकेल: चारही बाजूंना तिरप्या पट्ट्या, दुहेरी छप्पर, बाहेरून-आतून पांढरा रंग आणि तापमापी जमिनीपासून सव्वा मीटरच्या सुमारास येईल एवढे पाय.

पेटीचं दार उत्तरेला ठेवतात, कारण वर्षाचा बराच काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो आणि दार उघडलं तरी आत ऊन येत नाही. पण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. पुण्या-मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस (दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो) येतो, आणि तिथून जुलैअखेरच्या दुसऱ्या शून्य सावलीच्या दिवसापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. तेव्हा या काळात वाचन घेताना पाठीने किंवा छत्रीने सावली धरा.

कमाल-किमान तापमापी मिळाली तर घ्याच. तिच्यातल्या खुणा चोवीस तासांतलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान धरून ठेवतात. किमान तापमान साधारणपणे सूर्योदयाच्या सुमारास नोंदलं जातं, कारण जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकत राहते आणि ऊन येईपर्यंत तिला परत काही मिळत नाही. कमाल मात्र बाराला नाही, दोन-तीनच्या दरम्यान. डोक्यावरचा सूर्य कलला तरी येणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेपेक्षा आणखी काही वेळ जास्तच असते. सकाळी साडेआठला वाचलेलं कमाल तापमान म्हणूनच काल दुपारचं असतं, किमान आज पहाटेचं. वाचून झाल्यावर खुणा पूर्ववत करायला विसरू नका.

नवी तापमापी आली की आधी तिची परीक्षा घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात ती बुडवा, काही मिनिटांनी शून्य दाखवायला हवं. एक अंश दाखवत असेल तर फेकू नका, प्रत्येक वाचनातून एक वजा करा आणि तसं लिहून ठेवा. उपकरणांच्या अचूकतेचं हे वेड पुण्याला नवं नाही. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, शिवाजीनगरच्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. तिथेच १९४८ पासून शास्त्रज्ञ अण्णा मणी यांनी काम केलं. परदेशी उपकरणांवर अवलंबून राहायला नको म्हणून शंभरेक हवामान उपकरणांच्या आराखड्यांचं प्रमाणीकरण करून ती देशात बनवून घेण्यामागे त्या होत्या. विज्ञान दिनाच्या भाषणात त्यांचं नाव क्वचितच येतं, यायला हवं.

पायरी ५: आर्द्रता

दोन सारख्या तापमाप्या पेटीत शेजारी टांगा. एकीच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडा. ओल्या फुग्यावरचं पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं, आणि ती तापमापी कमी तापमान दाखवते. हवा जितकी कोरडी तितका दोघींतला फरक मोठा. कोरडी ३० अंश आणि ओली २५ दाखवत असेल, तर सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला वाटा, सुमारे ६५ टक्के. २६ आणि २५ असेल तर नव्वदीच्या पुढे. विदर्भात एप्रिलच्या दुपारी कोरडी ३८ आणि ओली २० अशी दिसली, तर आर्द्रता २० टक्क्यांच्याही आत. नेमका आकडा प्रात्यक्षिकांच्या पुस्तकातल्या तक्त्यावरून काढता येतो. बोअरचं जड पाणी वापरू नका, क्षार साठून कापड कडक होतं. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.

मार्चपासून हा फरक रोज आलेखावर मांडत गेलं, की पाऊस यायच्या आधीच रेषा खाली येऊ लागलेली दिसते. घामाच्या धारा लागतात तो काळ हाच: हवेत बाष्प आधीच भरपूर असल्यामुळे अंगावरचा घाम उडत नाही.

पायरी ६: वारा, ढग, दाब

वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती दिशा. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात. काठीला बांधलेली हलकी रिबीन आणि होकायंत्र एवढं पुरतं. वेगासाठी कागदी कपांचं चक्र करण्यात मजा आहे, पण त्याचे आकडे फारसे भरवशाचे नसतात. त्यापेक्षा ब्यूफोर्ट श्रेणी डोळ्यांनी वाचायला शिका: धूर नुसता कलतो तेव्हा ताशी १ ते ५ किलोमीटर, पानं सळसळतात तेव्हा ६ ते ११, पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात तेव्हा १२ ते १९, धूळ आणि कागद उडू लागले की २० ते २८, छत्री सांभाळणं कठीण झालं की ४० च्या आसपास.

आकाशाचे मनाने आठ भाग करा आणि किती भाग ढगांनी झाकले ते लिहा. ढगाचं नाव सुचलं नाही तर चित्र काढा. उभे वाढलेले, वर ऐरणीसारखे पसरलेले काळे ढग म्हणजे क्युम्युलोनिंबस, वळवाचा पाऊस आणि विजा यांच्यातूनच येतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती दूर. पण हे मोजायचं वर्गाच्या आतून. गडगडाट ऐकू आला की कोणीही पेटीपाशी जायचं नाही, झाडाखाली तर नाहीच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप शिक्षकांच्या फोनवर असू द्या.

वायुदाबासाठी वेगळा खर्च नको, काही स्मार्टफोनमध्ये दाबमापक असतोच. समुद्रसपाटीला सरासरी १०१३ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक) असतात, पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीच्या ठिकाणी ९५० च्या जवळपास. एका निरभ्र दिवशी दर दोन तासांनी वाचन घ्या. दाब सकाळी दहाच्या सुमारास चढलेला, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला आणि रात्री दहाला पुन्हा चढलेला दिसेल. वातावरणालाही भरती-ओहोटी असते, आणि आपल्या अक्षांशांवर ती साध्या फोननेही दिसते.

पायरी ७: नोंदवही

जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही घ्या. सुटे कागद हरवतात. रकाने: तारीख, वेळ, पाऊस, कमाल, किमान, कोरडी, ओली, वारा, ढग, शेरा आणि नोंद घेणाऱ्याची सही. शेऱ्यात रिपरिप, झड, संततधार, उघडीप, धुकं, दव, गारा असं आपल्या शब्दांत लिहा.

काही नियम मोडायचे नाहीत. पाऊस पडला नसेल तर ० लिहायचा, मोजलाच नसेल तर रेघ मारायची. कोरडा दिवस आणि न मोजलेला दिवस यांची सरमिसळ झाली की वही निरुपयोगी. खोडरबर वापरायचा नाही: चुकलेल्या आकड्यावर एक रेघ आणि शेजारी दुरुस्ती. रविवारी कोणी आलं नाही आणि सोमवारी कॅनमध्ये दोन दिवसांचं पाणी मिळालं, तर ‘दोन दिवसांचा मिळून’ असं लिहायचं, निम्मं-निम्मं वाटायचं नाही. राहून गेलेला आकडा मित्राला विचारून किंवा अंदाजाने भरायचा तर नाहीच नाही. रिकाम्या रकान्यासाठी गुण कापणारे शिक्षक मुलांना खोटे आकडे लिहायला शिकवतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुट्ट्यांचं आधी ठरवा. मे महिन्यात आणि दिवाळीत शाळेजवळ राहणाऱ्या मुलांची पाळी लावा. वळीव आणि परतीचा पाऊस नेमके याच सुट्ट्यांच्या आसपास येतात.

पायरी ८: आकडे वाचणं

पहिला महिना झाला की पावसाचा स्तंभालेख काढा आणि पावसाळी दिवस मोजा. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिमी किंवा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस म्हणजे पावसाळी दिवस. एका जूनमध्ये १८० मिमी पाऊस पंधरा दिवसांत विभागून पडला आणि दुसऱ्या जूनमध्ये तेवढाच दोन दिवसांत कोसळला, तर बेरीज सारखीच राहील. पेरणीचं काय होईल हे मुलांना विचारा. त्यांची उत्तरं पुस्तकापेक्षा चांगली असतात.

मग नक्षत्रांप्रमाणे बेरीज करा. मृग ७-८ जूनला लागतं आणि प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. घरातली वडीलधारी माणसं कोणत्या नक्षत्राबद्दल काय म्हणतात ते लिहून घ्या आणि पुढची चार-पाच वर्षं वहीशी ताडून पाहा. आधीच हसू नका, आधीच मानूही नका.

यानंतर नकाशा. सातारा जिल्हा यासाठी फारच सोयीचा आहे. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पयुक्त हवा सह्याद्रीला अडते आणि वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि थंड होते, कोरडी असताना किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी. थंड होता होता बाष्पाचं पाणी होतं. साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला म्हणून वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो. पुढे पूर्वेला वीसेक किलोमीटरवर पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. घाट उतरून वाईला आलं की हजाराच्या आत. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माणदेशात जेमतेम पाचशे, कारण पलीकडे उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि ढग विरतात. या पट्ट्यातल्या चार-पाच शाळांनी आपापल्या वह्यांतला एकच जुलै महिना शेजारी शेजारी मांडला, तर पर्जन्यछायेचा धडा त्यांचा त्यांनाच लिहिता येईल.

हवा आणि हवामान यांतला फरक शिकवायची जागाही हीच. आजच्या नोंदीत असते ती हवा, अनेक वर्षांच्या सरासरीतून दिसतं ते हवामान, आणि त्यासाठी साधारण तीस वर्षांच्या नोंदी लागतात. देशाच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची सध्याची सरासरी ८७ सेंटिमीटर धरतात, ती १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली आहे. त्यामुळे एक कडक उन्हाळा पाहून ‘हवामान बदललं’ असा निष्कर्ष मुलांनी प्रकल्पात लिहू नये, आणि एक थंडीची लाट पाहून ‘तापमानवाढ खोटी’ असाही लिहू नये. बदल होतो आहे, पण तो लांब पल्ल्याच्या नोंदींतून दिसतो. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. हवाईतल्या मौना लोआ इथे १९५८ मध्ये कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात झाली तेव्हा दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे. हा आलेखही कोणीतरी चिकाटीने, त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजत राहिल्यामुळेच आपल्या हाती आला.

दरवर्षी मे महिन्यात

मृगाच्या आधी एकदा सगळं तपासून घ्या. नरसाळ्यातला पालापाचोळा आणि कोळ्यांची जाळी काढा, जवळचं झाड वाढून अंतराचा नियम मोडत नाही ना ते पाहा, पेटीला पांढरा रंग द्या, मलमलीची पट्टी बदला. मोजपात्राने ४०० मिलिलिटर पाणी कॅनमध्ये ओता, भाजक २० असेल तर उत्तर २० मिमी यायला हवं. तेच पाणी रात्रभर कॅनमध्ये ठेवून सकाळी पुन्हा मोजा. कमी भरलं तर कॅन गळतो आहे, पहिल्या पावसाआधी तो बदला.